गिअरबॉक्सची कार्यक्षमता 100.4 टक्के: एका टॉर्क-चाचणी बेंचचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना साखर कारखान्यांसाठी गिअरबॉक्स बनवतो. बगॅस (उसाचा चोथा) वाहून नेणारे कॅरियर, कन्व्हेयर, अशा ठिकाणी लागणारे मध्यम आकाराचे हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांचे, गिअरबॉक्स. कंपनीची आणि ग्राहकाची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

चाचणी बेंच त्यांनी स्वतःच बांधलेला. एका टोकाला 15 किलोवॅटची, चार पोलची मोटर. तिच्यानंतर 500 न्यूटन-मीटर क्षमतेचा फिरता टॉर्क ट्रान्सड्यूसर (शाफ्टवरचा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारं उपकरण), मग गिअरबॉक्स, आणि दुसऱ्या टोकाला पाण्याने थंड होणारा पावडर ब्रेक. ब्रेकचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, दोन बेअरिंगांवर झुलतं ठेवलेलं. आतला शाफ्ट फिरला की घरही त्याच्यामागे फिरू पाहतं, पण घराला लावलेला दांडा लोड सेलवर, म्हणजे जोर मोजणाऱ्या उपकरणावर, टेकतो आणि त्याला अडवतो. लोड सेलवरच्या जोरावरून बाहेर येणारा टॉर्क कळतो. म्हणजे आत जाणारा टॉर्क शाफ्टच्या पिळावरून आणि बाहेर येणारा टॉर्क दांड्याच्या रेट्यावरून, अशा दोन वेगळ्या जातींच्या मोजण्या. त्यांचं गुणोत्तर काढून त्याला गिअर रेशोने, म्हणजे गिअरबॉक्स वेग किती पट कमी करतो त्या आकड्याने, भागलं की कार्यक्षमता मिळते.

दोन वर्षं हा बेंच व्यवस्थित चालला होता, असं सगळ्यांना वाटत होतं. अर्ध्या तासाची चाचणी, 98 टक्क्यांच्या आसपासचा आकडा, रिपोर्टवर सही, गिअरबॉक्स गाडीत.

अडचण

एका नव्या ग्राहकाने करारात दोन गोष्टी घातल्या: पूर्ण भाराला कार्यक्षमता किमान 96 टक्के, आणि चाचणी सलग चार तास, तेलाचं तापमान स्थिर होईपर्यंत. चार तासांनंतर डिस्प्लेवर आत 97.0 न्यूटन-मीटर होतं आणि बाहेर 1217. रेशो 12.5. मोटरचा वेग मिनिटाला 1460 फेरे. हिशेब केला तर 100.4 टक्के.

म्हणजे या गिअरबॉक्सने वरून पन्नास-साठ वॅट फुकट तयार केले. आणि त्याच वेळी त्याचं तेल 70 अंशांच्या वर गेलं होतं, घराला हात लावता येत नव्हता. ही उष्णता कुठून आली, हा प्रश्न बेंचवरच्या पोराला पडला. त्याने आकडा खोडला नाही, शेजारी प्रश्नचिन्ह काढून तसाच वर पाठवला. या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं माझं मत आहे.

मालकांनी मला पुण्याहून बोलावलं तेव्हा माल रवाना करायला बारा दिवस उरले होते.

ही मोजणी मुळातच अवघड का आहे, ते आधी सांगतो. दोन टप्प्यांच्या हेलिकल गिअरबॉक्समध्ये पूर्ण भाराला तीन-साडेतीन टक्के ऊर्जा वाया जाते. 15 किलोवॅटवर ती साधारण अर्धा किलोवॅट झाली. दोन्हींपैकी एका टॉर्कच्या मोजणीत एक टक्का चूक झाली, तर ती दीडशे वॅटची. म्हणजे आपल्याला जे खरोखर हवं आहे, तो तोटा, त्यात 30 टक्क्यांची चूक. हत्तीवर बसलेल्या माणसाचं वजन काढायला हत्ती दोनदा काट्यावर चढवण्यासारखं आहे हे. काटा कितीही चांगला असला तरी माणूस त्या गडबडीत हरवतो.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत चार सूचना आल्या.

विक्री विभागाची सूचना सगळ्यात सोपी होती. "सर, 0.97 चा गुणक लावून टाका. 97.4 येतंय, छान दिसतंय." त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हसलो, पण हा पर्याय वाटतो तितका हास्यास्पद नाही. गेली दोन वर्षं नकळत तेच चाललं होतं. 98 हा आकडा पटण्यासारखा दिसायचा, म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. 100.4 ला विचारलं, कारण तो निसर्गनियमाच्या बाहेर गेला. बेंच दोन्ही वेळा चुकतच होता.

दुसरी सूचना क्वालिटी विभागाची: ट्रान्सड्यूसर आणि लोड सेल दोन्ही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून पुन्हा कॅलिब्रेट, म्हणजे ठाऊक असलेल्या मापाशी ताडून, घ्यायचे. तीन आठवडे लागणार होते. पण वेळेपेक्षा माझा आक्षेप वेगळा होता. ट्रान्सड्यूसरचं सर्टिफिकेट सात महिन्यांपूर्वीचं होतं, त्यातली चूक पूर्ण क्षमतेच्या 0.05 टक्क्यांच्या आत. मला खात्री होती की तो पुन्हा तसाच पास होऊन येईल. प्रयोगशाळेत 23 अंशांना, शांत टेबलावर, शुद्ध पीळ देऊन तपासलेलं उपकरण आणि गरम मोटरशेजारी थरथरत फिरणारं उपकरण, यांत जमीन-अस्मानाचा फरक.

तिसरा पर्याय, गिअरबॉक्स बाहेरच्या चाचणी केंद्रात न्यायचा. तो राखीव ठेवला. पुढच्या प्रत्येक गिअरबॉक्ससाठी हे परवडणारं नव्हतं.

चौथा माझा: बेंच मोकळा करून चुकीचा एकेक उगम वेगळा शोधायचा. त्याआधी एक झटपट पडताळणी करून पाहिली. मोटरला जाणारी वीज मोजली, 16.3 किलोवॅट. आयई3 या कार्यक्षमता-वर्गातल्या या मापाच्या मोटरची कार्यक्षमता 92.1 टक्के धरली तर शाफ्टवर 15.0 किलोवॅट यायला हवेत. ट्रान्सड्यूसर 14.83 दाखवत होता. संशय बळावला, पण सिद्ध काही झालं नाही, कारण मोटरच्या पाटीवरच्या कार्यक्षमतेलाच मानकात एक टक्क्याहून जास्त सूट आहे. ज्या फटीत आपण शोधतोय तेवढीच जाड पट्टी घेऊन मोजल्यासारखं झालं ते.

गिअरबॉक्स काढून ट्रान्सड्यूसर थेट ब्रेकला जोडायचा आणि दोन्हींचा आकडा जुळतो का पाहायचं, हीही कल्पना निघाली. एरवी मी हेच आधी केलं असतं. पण ट्रान्सड्यूसरचे 98 न्यूटन-मीटर म्हणजे ब्रेकच्या पल्ल्याचा जेमतेम आठ टक्के भाग. तिथे जुळलं असतं तरी 1200 ला जुळेल असं कोणी म्हणू शकलं नसतं.

काय काय सापडलं

सुरुवात कागदापासून केली, कारण ती फुकट असते. पाटीवर रेशो 12.5 लिहिलेला. मी ड्रॉइंग मागवून दाते मोजले: पहिल्या जोडीत 18 आणि 61, दुसऱ्या जोडीत 17 आणि 63. गुणाकार येतो 12.559. पाटीवरचा आकडा सोयीसाठी गोल केलेला असतो, सगळेच करतात. पण चाचणीच्या एक्सेल शीटमध्ये तोच गोल आकडा बसला होता आणि कार्यक्षमता जवळजवळ अर्ध्या टक्क्याने फुगली होती. एका पानाच्या हिशेबात अर्धा टक्का निघाला तेव्हा मालकांचा चेहरा जरा खुलला.

मग ट्रान्सड्यूसरचा झिरो, म्हणजे भार नसतानाचा आकडा. सकाळी बेंच थंड असताना झिरो करायचा आणि दिवसभर विसरायचा, अशी पद्धत होती. त्या दिवशी चार तास चालवून मोटर बंद केली आणि झिरो बघितला. आकडा कधी अडीच, कधी उणे दोन. दर वेळी वेगळा. कारण कपलिंग (दोन शाफ्टांना जोडणारा सांधा) जोडलेलं होतं: गिअरबॉक्सच्या घर्षणाने थांबताना शाफ्टमध्ये थोडा पीळ अडकून राहतो आणि डिस्प्ले तो इमानदारीने दाखवतो. इथे बरेच जण फसतात. कपलिंगचे बोल्ट सोडले, शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना अर्धा फेरा फिरवला, आणि आकडा उणे 1.2 आणि उणे 1.3 च्या मध्ये स्थिरावला.

ट्रान्सड्यूसरच्या अंगाचं तापमान 56 अंश होतं, सकाळी 31. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की दर दहा अंशांना झिरो पूर्ण क्षमतेच्या 0.1 टक्का सरकू शकतो. 25 अंशांचे 0.25 टक्के, 500 चे 1.25 न्यूटन-मीटर. अगदी पत्रकाबरहुकूम. उपकरणाचा काडीचाही दोष नाही. दोष हा की 98 मोजायला 500 चं उपकरण घेतलं. "पुढे मोठा गिअरबॉक्स आला तर चालेल" म्हणून घेतलेलं ते मोठं माप आता इथे सव्वा टक्का खात होतं. सर्टिफिकेटवरची टक्केवारी पूर्ण क्षमतेची असते, आपल्या वाचनाची नसते, हे वाक्य मी दरवर्षी चार-पाच ठिकाणी सांगतो.

ब्रेकच्या बाजूला वेगळीच गंमत. तिथलं कॅलिब्रेशन ते स्वतः करायचे: घराला एक मीटरचा कॅलिब्रेशन दांडा लावायचा, टोकाच्या पिनेला पारडं टांगायचं, 20-20 किलोची वजनं 120 पर्यंत चढवायची आणि डिस्प्ले त्याप्रमाणे जुळवायचा. पद्धत चांगली. लोड सेलचा स्वतःचा दांडा किती लांब आहे याने इथे फरक पडत नाही, जुळवताना तो आपोआप हिशेबात येतो. सगळा भरवसा कॅलिब्रेशनच्या दांड्यावर. तो मोजला तर केंद्रापासून पिनेपर्यंत 994 मिलिमीटर भरला. मागे कधीतरी बुश घासला म्हणून बदलला होता आणि नवीन भोक सहा मिलिमीटर आत पडलं होतं. ज्याने भोक पाडलं त्याला ते फक्त पारडं टांगायचं भोक वाटलं असणार.

त्यात भर म्हणजे किलोचे न्यूटन करताना 9.81 ने गुणलेलं. शाळेत सगळ्यांनी तेच केलंय. पण गुरुत्वाकर्षण अक्षांशाप्रमाणे बदलतं, विषुववृत्ताकडे आणि उंचीवर कमी होतं. कोल्हापूरच्या अक्षांशाला आणि उंचीला ते सुमारे 9.78 भरतं. पाव टक्क्याहून किंचित जास्त फरक. बाजारात भाजी तोलताना याला काही अर्थ नाही, इथे आहे. दांडा आणि गुरुत्व मिळून डिस्प्ले 1177 दाखवायचा तेव्हा खरा टॉर्क 1167 च्या आसपास असायचा.

एवढं सगळं धरूनही हिशेब पुरा होत नव्हता. 97.8 टक्क्यांवर अडकला होता. अशक्य आकडा नव्हता, पण चार तासांनंतरच्या तेलाच्या तापमानाशी त्याची सांगड बसेना. पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहाला उठलो. मोटर बंद, ब्रेक थंड करायला पाणी चालू. मदतनिसाने जाता जाता पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि हाक मारली, "साहेब, पाणी बंद केल्यावर आकडा पळतोय बघा."

पाणी चालू असताना 14, बंद केल्यावर शून्य. पुन्हा चालू, पुन्हा 14.

चार महिन्यांपूर्वी ब्रेकचे जुने, मऊ पडलेले रबरी पाइप चिरले म्हणून बदलले होते. नवे पाइप तारेच्या जाळीचे, कडक. ते ब्रेकच्या घराला बाजूने वळण घेऊन येत होते. पाण्याचा दाब आला की वाकलेला पाइप सरळ व्हायला बघतो आणि झुलत्या घराला ढकलतो. लोड सेलला काय कळणार हा रेटा गिअरबॉक्सचा की पाइपचा? कॅलिब्रेशन नेहमी पाणी बंद ठेवून व्हायचं, म्हणून ते कधी दिसलंच नाही.

आता हिशेब लागला. 1217 मधून 14 वजा, उरलेल्यात दांड्याची आणि गुरुत्वाची दुरुस्ती, छेदात 97.0 मध्ये झिरोचे 1.25 मिळवून 98.25 न्यूटन-मीटर आणि 12.559 चा रेशो. उत्तर 96.6 टक्के.

कृती

कागदावर दुरुस्त केलेला आकडा ग्राहकाला द्यायचा नाही, हे मी आग्रहाने धरलं. दुरुस्त्या पाच, आणि सगळ्या आपल्याला सोयीच्या दिशेने शोधलेल्या. तो आकडा बरोबर असेलही, पण तो चाचणीचा निकाल नव्हता. म्हणून बेंच सुधारून चाचणी नव्याने घ्यायची ठरली.

पाइप बदलले. ब्रेकच्या अक्षाच्या रेषेतून आत आणले, लांब सैल वेटोळं ठेवून, म्हणजे त्यांनी ढकललं तरी जोर अक्षातून जातो, पीळ पडत नाही. पाणी चालू-बंदचा फरक 14 वरून तीनच्या आत आला. कॅलिब्रेशनच्या दांड्याला नवीन पिन बसवून लांबी मोजून घेतली. वजनं पाणी चालू ठेवून चढवली आणि उतरवलीही. उतरताना आकडा चढतानापेक्षा सहा न्यूटन-मीटर जास्त राहत होता, झुलत्या बेअरिंगमधल्या घर्षणामुळे. ते आम्ही घालवू शकलो नाही. मध्य धरला आणि उरलेलं अनिश्चिततेत, म्हणजे खरा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्या हिशेबात, टाकलं. ट्रान्सड्यूसर आणि मोटर यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा आणि छोटा पंखा लावला, चाचणीआधी बेंच तासभर चालवून कपलिंग सोडून झिरो घ्यायचा, आणि संपल्यावर पुन्हा तसाच तपासायचा.

नवीन चार तासांच्या चाचणीत 96.5 टक्के आले. सगळे घटक धरून अनिश्चितता अधिक-उणे 0.6, साधारण 95 टक्के भरवशाने.

इथे खरी पंचाईत झाली. हमी 96 ची. 96.5 म्हणजे पास. पण 96.5 मधून 0.6 वजा केले तर 95.9.

निर्णयाची वेळ

मालकांचं म्हणणं सरळ होतं: करारात 96 लिहिलंय, अनिश्चितता हा शब्दसुद्धा नाही, मग आपण कशाला काढायचा? कायद्याने बघितलं तर त्यांचं चूक नव्हतं. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी 17025 च्या 2017 च्या आवृत्तीत, निकाल पास की नापास हे ठरवताना अनिश्चिततेचं काय करायचं, याचा नियम आधी ठरवून घ्यायला सांगितलं आहे. हा कारखाना प्रयोगशाळा नव्हता, पण करार करताना तो एक प्रश्न विचारला असता तर ही वेळ आली नसती.

मी सुचवलं की रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे लिहा आणि सोबतच्या पत्रात बेंचमध्ये काय सापडलं तेही. मालक अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहा. पण भाषा जरा मवाळ ठेवा."

जुन्या रिपोर्टांचा प्रश्न याहून कडू होता. दोन वर्षांत नऊ गिअरबॉक्स 98 टक्क्यांच्या आसपासच्या आकड्याने गेले होते. त्यांतल्या दोन ग्राहकांच्या करारात कार्यक्षमतेचा उल्लेख होता. बाकीच्यांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना गिअरबॉक्स चालण्याशी मतलब. त्या दोघांना कळवायचं की नाही यावर घरात, म्हणजे मालक आणि त्यांचा मुलगा यांच्यात, बरीच वादावादी झाली. मुलगा कळवा म्हणत होता. शेवटी कळवलं.

निकाल

नव्या ग्राहकाच्या इंजिनिअरने पत्र वाचून फोन केला आणि पाइपबद्दल वीस मिनिटं विचारलं. त्यांच्याकडेही झुलता ब्रेक होता. माल ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा गेला आणि स्वीकारला गेला, पुढच्या ऑर्डरीत प्रत्येक रिपोर्टवर अनिश्चितता लिहायच्या अटीवर. जुन्या दोन ग्राहकांपैकी एकाने पुन्हा चाचणी मागितली. तो गिअरबॉक्स हंगाम संपल्यावर आला आणि 96.2 निघाला. त्याच्या करारात 97 होते. तडजोड पैशात झाली. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

कारखान्याने 200 न्यूटन-मीटरचा ट्रान्सड्यूसर घेतला. 500 चा कपाटात आहे, मोठ्या गिअरबॉक्सची वाट बघत. चाचणीच्या नोंदवहीत आता "पाणी चालू / बंद" असा एक रकाना आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूने पहिली चूक म्हणजे क्रम. इलेक्ट्रॉनिक्सवर संशय घेऊन मी पहिल्या दिवसाचा बराचसा वेळ ट्रान्सड्यूसरपाशी घालवला. झुलत्या ब्रेकला काय काय चिकटलेलं आहे, पाइप, वायरी, ग्रीसची नळी, हे बघायला दहा मिनिटं लागली असती. पाइपचा शोध मदतनिसाच्या हाताने लागला. चहाची वेळ झाली नसती तर कदाचित लागलाही नसता, आणि मी 97.8 ला समाधान मानून पुण्याला परतलो असतो. हे लिहिताना बरं वाटत नाही.

दुसरं, बिनभाराचा तोटा मोजायला हवा होता. ब्रेक काढून गिअरबॉक्स नुसता फिरवला की तेल ढवळण्यात आणि सीलच्या घर्षणात किती जातं ते एकाच ट्रान्सड्यूसरवर कळतं. तिथे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी नसते. तोट्याचा निदान एक भाग वेगळ्या वाटेने हाती आला असता. 200 चा नवा ट्रान्सड्यूसर बसल्यावर ही चाचणी आता ते करतात. तेव्हा 500 च्या उपकरणावर दोन-तीन न्यूटन-मीटर मोजण्यात अर्थ नव्हता, पण भाड्याने लहान उपकरण आणता आलं असतं. ते सुचलं नाही.

आणि 97 चा करार करणाऱ्या त्या जुन्या ग्राहकाबद्दल: 98 चा आकडा बघून विक्री विभागाने तो 97 लिहून दिला होता. म्हणजे बेंचची चूक रिपोर्टमधून करारात गेली होती. पुढच्या भेटीत मी विक्रीच्या कोटेशनमधले आकडे कुठून येतात ते मागितलंय. फाइल अजून मिळालेली नाही.